चंपाबाईनं खोडलेला शब्द

इंझोरीच्या बौद्ध वस्तीत चंपाबाई पडघानचं घर कुठं, हे कुणाला विचारावं लागत नाही. आवाज येतो त्या दिशेनं चालत गेलं की झालं. नुकतीच साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळी बाई, पण बोलायला लागली की विहाराच्या ओट्यावर पसरलेली माणसं आपसूक सावरून बसतात. रेशन दुकानदारानं काट्यात मारलं, बोलवा चंपाबाईला. एस.टी.वाल्यानं फाट्यावर गाडी थांबवली नाही, बोलवा चंपाबाईला. भांडण स्वतःचं असो की दुसऱ्याचं, ही पदर खोचून हजर. आणि तिच्या मागे तिचा नवरा ग्यानबा, हातात पिशवी धरून, चिडीचूप. कुणी छेडलं तर म्हणायचा, दोघंही बोलायले लागलो तर पिशवी कोन धरीन?

ग्यानबा या गावचा घरजावई. चंपाबाईच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून नाल्यापलीकडचा शेताचा तुकडा त्यानं मुलीच्या नावावर केला आणि ग्यानबाला किन्हीराजाहून इकडं आणलं. तेव्हापासून सातबारावर नाव चंपाबाईचं आणि बैलांमागे पाय ग्यानबाचे. दोघांचं त्यात कधी बिनसलं नाही. बिनसलं असतं तरी ऐकू फक्त एकाचाच आवाज आला असता.

त्या शेतात जायला एकच वाट. तिला गावात पांदण म्हणतात. दोन्हीकडे शेतं आणि मधून बंडी, म्हणजे बैलगाडी, जाईल एवढा रस्ता. ही पांदण दौलत काकडाच्या शेताला खेटून, बरीचशी त्याच्या शेतातूनच जायची. दौलतनं तिथं संत्र्याची बाग लावली आणि एक दिवस जेसीबी आणून पांदणीच्या तोंडाशी आडवा चर मारला. वरून तारेचं कुंपण. त्या वर्षी चंपाबाईचं सोयाबीन बंडीनं नव्हे, माणसांच्या डोक्यावरून निघालं, तेही नाल्याच्या पाण्यातून. थ्रेशर शेतात जाऊच शकलं नाही. अर्धा माल भिजून काळा पडला. मग दौलतचा निरोप आला, इतका तरास कायले घेता, शेत मलेच देऊन टाका. तेव्हा कुठं चंपाबाईला कळलं की चर नुसता मातीत मारलेला नाही. पांदण गेली की शेत जाणार होतं. एवढं साधं होतं ते.

चंपाबाई तालुक्याच्या कोर्टात गेली. वकील घरचाच होता. प्रसेनजित, वस्तीतला पहिला वकील. त्याला सनद मिळाली तेव्हा वस्तीनं त्याला बंडीत बसवून मिरवलं होतं आणि त्या बंडीपुढं सगळ्यात जास्त नाचली होती ती चंपाबाईच. ती गावची लेक, म्हणून तो तिला आत्या म्हणायचा. पोरगा गुणी. धनजपासून इकडं कुठूनही गरीब माणूस आला तर त्याला दारातून परत पाठवत नसे.

आता कोर्टातलं जग बदललं होतं, तेही सांगायला पाहिजे. पूर्वी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टाइपरायटर मांडून माणसं बसायची. अर्ज लिहून घ्यायचा तर त्यांच्यापुढं उकिडवं बसायचं आणि सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगायचं. तो मध्येच थांबवून विचारायचा, शेताचा धुरा कोनत्या बाजूचा, माय जित्ती हाय का, खरं सांगून राह्यला का गंमत करून राह्यला? वेळ जायचा, माणूस कावायचा. आता त्या लिंबाखाली मोबाइलची कव्हरं विकतात. प्रसेनजितच्या लॅपटॉपात एक मशीन आलं होतं. मशीन म्हणजे लोखंडाचं नव्हे, नुसतं बोलणारं आणि लिहिणारं. त्याला प्रकरण चार वाक्यांत सांगायचं की चहा निवायच्या आत ते नोटीस लिहायचं, दावा लिहायचं, साक्षीदाराचं शपथपत्रसुद्धा लिहायचं. मोठमोठ्या कोर्टांचे निकाल त्यानं वाचून पचवलेले. इंग्रजी कागद मराठीत करायचं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवायचं.

खोटं कशाला बोला, त्या मशीननं गरिबाचं भलंच केलं होतं. ज्या कामाला महिना लागायचा ते दुपारी व्हायला लागलं. प्रसेनजित एकटा माणूस दहा जणांचं काम करायला लागला. पण भलं करणाऱ्याला काही विचारूच नये, असं कुठं लिहिलंय?

त्या दिवशी चंपाबाईची साक्ष होती. साक्षीदाराचं म्हणणं आधी शपथपत्र म्हणून कागदावर द्यायचं, मग समोरचा वकील त्यावर उलटे प्रश्न विचारणार, अशी रीत. मागच्या तारखा काही ना काही कारणानं हुकल्या होत्या. न्यायाधीश बाईंनी बजावलं होतं की आज शपथपत्र आलं नाही तर वादीचा पुरावा बंद. पुरावा बंद म्हणजे दावा मेल्यात जमा. चंपाबाई नवं लुगडं नेसून, ग्यानबाला पिशवीसकट घेऊन, सकाळीच कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसली.

प्रसेनजित आला तो घाईतच. एका हातात फायली, दुसऱ्या हातात फोन. त्यानं शपथपत्र काढून तिच्या मांडीवर ठेवलं, कागदावर जागा दाखवली आणि म्हणाला, इथं अंगठा लाव आत्या, मी तोवर वरच्या कोर्टात जाऊन येतो.

चंपाबाईनं कागद हातात घेतला. अक्षरं सुबक, ओळी सरळ, एक खाडाखोड नाही. तिला धड वाचता येत नसे. एस.टी.ची पाटी, रेशनचा फलक, एवढंच. पण कोर्टात बसून बसून तिला एक गोष्ट माहीत झाली होती. शपथपत्राच्या शेवटी लिहिलेलं असतं की वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला, तो खरा आहे. तिनं विचारलं, ते लिहिलं हाय का? प्रसेनजित म्हणाला, हो, असतंच ते.

"मंग वाचून दाखव."

प्रसेनजितनं घड्याळाकडं पाहिलं. कोर्टाच्या व्हरांड्यात रोज शेकडो माणसं त्या ओळीखाली अंगठा टेकवतात आणि एकालाही कुणी काही वाचून दाखवत नाही. सगळ्यांना ते ठाऊक, कुणालाच त्याचं काही वाटत नाही. पण चंपाबाईपुढं बोलणार कोण? त्यानं फोनवर मशीन उघडलं, शपथपत्र लावलं, फोन ग्यानबाच्या हातात दिला आणि सांगितलं, हे वाचून दाखवते, तोवर आलोच.

फोनातली बाई वाचायला लागली. आवाज गोड, मराठी एकदम शुद्ध, रेडिओवरच्यासारखी. "मी, चंपाबाई ग्यानबा पडघान, धंदा शेती, ईश्वरसाक्ष शपथेवर कथन करते की..."

चंपाबाईनं ग्यानबाकडं पाहिलं. ग्यानबानं फोनकडं पाहिलं. दोघांच्या घरात ईश्वर नव्हता. चंपाबाईचा बाप छप्पन साली नागपूरला पायी गेला होता दीक्षा घ्यायला, आणि आल्यावर त्यानं घरातले देव नाल्यात सोडले होते, ते काही परत आले नाहीत. देव मानणार नाही अशी प्रतिज्ञाच होती ती, आणि कायद्यातही अशा माणसाला देवाऐवजी सत्याची प्रतिज्ञा घ्यायची मुभा आहे. पण चंपाबाई म्हणाली, राहू दे, होऊ दे पुढं.

"मी एक वृद्ध, निरक्षर व निराधार स्त्री असून..."

आता ग्यानबानं तोंड उघडलं, आणि तो आपणहून बोलतो तेव्हा ती गोष्ट वस्तीत चार दिवस पुरते. तो फोनलाच म्हणाला, "निराधार? मंग मी कोन हाय बाई?"

चंपाबाईला हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. कारण फोनातली बाई पुढं म्हणाली, "सदर पांदण रस्ता हा अनादी काळापासून अस्तित्वात असून वादी व तिचे पूर्वज त्याचा वापर करीत आले आहेत."

चंपाबाईनं फोन बंद करायला लावला आणि ती गप्प बसली. ग्यानबा घाबरला. चंपाबाई ओरडायला लागली की काय करायचं ते त्याला माहीत होतं. ती गप्प बसली की काय करायचं, हे इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ. चंपाबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. नुकतंच शाळेत नाव घातलेलं, आणि त्याच वर्षी मायबरोबर दुष्काळी कामावर जावं लागलं म्हणून ते कमी झालेलं. वस्तीतल्या बाया दिवसभर गिट्टी फोडायच्या. सरकारचं काम संपून सूर्य कलला की बाया घरी जायच्या नाहीत. नाल्याकाठच्या शेतांकडं जायची वाट म्हणजे गुडघाभर गाळ. पाऊस पडलाच तर पेरायला जाणार कुठून, हा सवाल. मग चंपाबाईची माय पंचफुला पुढं झाली. खाणीतले टाकाऊ दगड बायांनी डोक्यावर वाहून आणले, वाटेत टाकले, तिथंच बसून फोडले, वर मुरूम अंथरला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मजुरी दिली नव्हती, कुठल्या दप्तरात त्याची नोंद नाही. पोटात अन्न नसताना केलेलं काम ते. पंचफुलाचा उजवा अंगठा तिथं घणाखाली चेचला. तो नंतर कधी सरळ झाला नाही. आणि पांदण झाली तेव्हा तिच्यावरून पहिली बंडी गेली ती दौलतच्या आज्याची, आनंदराव काकडाची. कारण त्याचेही बैल त्याच गाळात बसायचे. तो बंडी थांबवून बायांना म्हणाला होता, पोरींनो, तुमी नसत्या तर मी इथंच राह्यलो असतो.

आणि म्हणे अनादी.

प्रसेनजित धापा टाकत परत आला. चंपाबाईनं त्याला नावानं हाक मारून बाकड्यावर बसवलं. तिनं विचारलं, हे तुयं मशीन कोन्या गावचं हाय? तो हसला, म्हणाला, कोन्याच गावचं नाही आत्या. ती म्हणाली, तवाच. मग तिनं ईश्वराचं विचारलं, निराधाराचं विचारलं. तो म्हणाला, ते साचे असतात, कुणी एवढं वाचत नाही, जज्ज फक्त रस्त्याचं पाहतील. मग तिनं त्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. तिला तो वाचता येत नव्हता, पण फोनातली बाई कितव्या वाक्याला तिथं पोचली ते तिनं लक्षात ठेवलं होतं. अनादी म्हंजे काय, बाबू?

"म्हणजे ज्याची सुरुवात कोनालेच माहीत नाही."

"मले माहीत हाय ना."

प्रसेनजितनं समजावायला सुरुवात केली. तो काही चुकीचं बोलत नव्हता. रस्त्याच्या दाव्यात हा शब्द वजनदार. मशीननं हजारो निकाल चाळून तो काढलाय. बहात्तर साल सांगितलं की समोरचा वकील विचारणार, कागद दाखवा, कुठं आहे नोंद? आपल्याकडं चिटोराही नाही. अनादी म्हटलं की कुणी कागद मागूच शकत नाही. शिवाय कालच त्यानं शपथपत्राची प्रत समोरच्या वकिलाला ईमेलनं पाठवली होती. आता बदललं तर तो म्हणणार, बाई खोटी, रोज वेगळं बोलते. आणि वेळ किती उरलाय ते बघ. आज हुकलं तर शेत गेलं आत्या, मग खरं घेऊन काय करशील?

हे सगळं खरं होतं. चंपाबाईलाही ते कळत होतं. शेत गेलं तर काय, हे तिनं गेलं वर्षभर झोपेतसुद्धा पाहिलं होतं. ग्यानबा तर पिशवी छातीशी धरून तिच्याकडं असा पाहत होता की आता करून टाक बाई.

चंपाबाई म्हणाली, "आमी केलं की ते आपोआप झालेलं असते काय रे? विहीर खोदली आमी, बांध घातला आमी, गावचा रस्ता फोडला आमी. नाव कोनाचं? कोनाचंच नाही. म्हने पयलेपासूनच होतं. आन आता आपलाच वकील आपल्याच कागदात तेच लिवून राह्यला."

प्रसेनजित म्हणाला, आत्या, शब्दच आहे तो एक. त्याचा आवाज जरा चढला होता. आजूबाजूची माणसं वळून पाहायला लागली.

मग चंपाबाईनं आवाज खाली आणला. इतका खाली की ग्यानबाला वाकून ऐकावं लागलं.

"तुई आजी गोमती एकाच डोयानं पाहे. तू लहान होता तवा इचारत होता तिले, दुसरा डोया काहून मिटलेला म्हून. काय सांगे ती तुले?"

प्रसेनजितला कळेना हे आता मध्येच काय. पण तो म्हणाला, "कावळ्यानं नेला, म्हणे."

"कावळ्यानं नाही नेला. माह्या मायच्या बाजूले बसून दगड फोडत होती. कपची उडाली. मी समोर होती, पाण्याचं मडकं घेऊन. तुह्या आजीचा डोया त्या पांदणीत हाय, बाबू. घाल आता अनादी."

वरच्या कोर्टातून कुणाचा तरी पुकारा झाला. प्रसेनजित उठला नाही. आजी गेली तेव्हा तो नागपूरला कॉलेजात होता. ती सबंध आयुष्य मान वाकडी करून का चालायची, हे त्यानं कधी धड विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. कावळ्याची गोष्ट मात्र दर वेळी नवी रंगवून सांगायची. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. मशीनवर राग काढायचा तर मशीनला त्यानंच चार वाक्यं दिली होती, आणि त्या चारांत ना त्याची आजी होती ना पंचफुला.

त्यानं लॅपटॉप उघडला. म्हणाला, सांग आत्या, मी दुरुस्त करून नवी प्रत काढून आणतो, बाहेर प्रिंटरवाला आहे.

चंपाबाईनं लॅपटॉप मिटवला. म्हणाली, पेन घे. यावरच खोड. काय खोडलं ते दिसू दे.

प्रसेनजितनं पेनानं खोडलं. ईश्वर खोडला, वर सत्यप्रतिज्ञेवर असं लिहिलं. वृद्ध राहू दे, म्हणाली, तेवढी हाय मी. निरक्षर खोडलं, निराधार खोडलं. मग अनादी काळापासून हे शब्द खोडले आणि समासात, वर, खाली, मिळेल तिथं, ती सांगत गेली तसं लिहीत गेला. सुबक कागदाची पार रया गेली.

शपथ देणाऱ्या कारकुनापुढं कागद गेला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. अशा खाडाखोडीचा कागद चालतो, पण प्रत्येक दुरुस्तीपाशी साक्षीदाराची निशाणी लागते. त्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला आणि म्हणाला, लावा अंगठे, लवकर करा, तुमचं प्रकरण पुकारतील आता.

"अंगठे देऊन झाले आमचे," चंपाबाई म्हणाली. "पेन द्या."

विहारात भरणाऱ्या साक्षरता वर्गात ती एकच गोष्ट शिकली होती, पण पुरी शिकली होती. ती खुर्चीवर नीट बसली, कोपर टेबलावर ठेवलं आणि लिहायला लागली. चंपाबाई. मग ग्यानबा. मग पडघान. काना, मात्रा, वेलांटी, एकेक अक्षर रोवत. एका दुरुस्तीपाशी झालं की दुसऱ्या दुरुस्तीपाशी, पुन्हा पूर्ण नाव. कारकून म्हणाला, बाई, नुसतं 'चं' लिहिलं तरी चालतं हो. तिनं वरही पाहिलं नाही. मागं रांग वाढली. शिपायानं पुकारा केला, चंपाबाई पडघान हाजिर. ती तिथंच बसून म्हणाली, हाजिर हाय, सही करून राह्यली. दुसरा पुकारा झाला. प्रसेनजित धावत कोर्टात गेला आणि न्यायाधीश बाईंना हात जोडून म्हणाला, साक्षीदार दुरुस्त्यांवर सही करत आहेत, थोडा वेळ द्यावा. न्यायाधीश बाईंनी दुसरी फाइल पुढं ओढली आणि वाट पाहिली. चहा निवायच्या आत सगळं लिहिणाऱ्या मशीनचा कागद एका बाईच्या सहीसाठी ताटकळत पडला होता, आणि खरं सांगतो, ते बघून काळजाला गार वाटलं असतं कुणाच्याही.

चंपाबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. दौलत काकड मागच्या बाकावर. त्याचा वकील वाशिमहून आलेला, हातात टॅब्लेट. त्याच्याकडंही तसलंच मशीन होतं, आणि कालच्या प्रतीवरून त्यानं प्रश्न तयार करून ठेवले होते. पहिलाच प्रश्न त्यानं मोठ्या थाटात विचारला, बाई, रस्ता अनादी काळापासून आहे असं तुम्ही म्हणता, तर अनादी काळी तुम्ही हजर होता का?

न्यायाधीश बाई म्हणाल्या, तो शब्द खोडलेला आहे, वकीलसाहेब. दुरुस्त प्रत पाहा.

वकिलानं टॅब्लेटवर बोट वर नेलं, खाली नेलं. त्याचे पुढचे सगळे प्रश्न त्याच शब्दाला टांगलेले होते. पण माणूस अनुभवी होता, सावरला. म्हणाला, म्हणजे रस्ता पूर्वीपासूनचा नाही, हे तुम्ही कबूल करता?

"नाही पयलेपासूनचा. व्हय."

दौलतच्या चेहऱ्यावर हसू आलं. ग्यानबाला वाटलं, संपलं. प्रसेनजितनं मान खाली घातली. वकिलानं ते उत्तर लिहून घ्यायला सांगितलं आणि मग म्हणाला, काही कागद, नोंद, नकाशा? चंपाबाई म्हणाली, नाही. तो वळून बसायला निघाला. तेवढ्यात न्यायाधीश बाईंनी स्वतःच विचारलं, मग हा रस्ता झाला कधी आणि केला कोणी?

चंपाबाईनं सांगितलं. ओरडून नाही. दुष्काळाचं साल सांगितलं, दगड कुठून आणले ते सांगितलं, माय पंचफुलाच्या अंगठ्याचं सांगितलं, गोमतीच्या डोळ्याचं सांगितलं. गाळ होता तिथं खोदून पाहा म्हणाली, हातानं फोडलेली गिट्टी निघेल, मशीनची नाही. आणि पहिली बंडी आनंदराव काकडाची गेली आणि तो काय म्हणाला तेही सांगितलं. मग ती दौलतकडं वळली आणि एवढंच म्हणाली, तुह्या आज्यानं तुलेही सांगितलं असंल.

वकील उठला, हरकत घेतली. दौलत बाकावरून खाली बघायला लागला आणि साक्ष संपेपर्यंत वर पाहिलं नाही. आज्यानं सांगितलं होतं त्याला, हे सगळ्या कोर्टानं पाहिलं.

कोर्टानं पाहणीसाठी माणूस पाठवला. त्यानं दोन ठिकाणी खणलं. खालून काळपट, ओबडधोबड, हातानं फोडलेली गिट्टी निघाली. निकाल लागायला पुढं बराच काळ गेला. त्या वर्षीचं सोयाबीनही डोक्यावरूनच निघालं, आणि चंपाबाईनं नाल्यातून जाताना दौलतच्या बागेकडं बघत त्याला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निकाल आला तेव्हा प्रसेनजित कोर्टातून थेट वस्तीत आला. निकाल इंग्रजीत होता. चंपाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. तो म्हणाला, आत्या, जिंकलो. ती म्हणाली, वाचून दाखव. यावेळी त्यानं घड्याळ पाहिलं नाही. मशीनकडून मराठी करून घेतलं, तिच्या शेजारी ओट्यावर बसला आणि फोन दोघांच्या मध्ये ठेवला.

फोनातली बाई वाचायला लागली, त्याच गोड आवाजात. प्रतिवादीने चर बुजवावा, कुंपण काढावे, वादीच्या वहिवाटीस अडथळा करू नये. ग्यानबा ताडकन उठला आणि घरात तारा कापायची पक्कड शोधायला निघाला. आयुष्यात पहिल्यांदा पिशवी खाली ठेवून निघाला.

"बसा," चंपाबाई म्हणाली. "तिचं वाचून नाही झालं."

ग्यानबा बसला. फोनातली बाई वाचत राहिली, कलमं, उतारे, न समजणारे लांबलचक शब्द. चंपाबाईनं सूप खाली ठेवलं होतं आणि ती फोनकडं वाकून बसली होती. वस्तीतली दोन-चार माणसं ओट्यापाशी येऊन थांबली. मग ते आलं. "वादीच्या साक्षीवरून असे दिसून येते की, सदर रस्ता बहात्तरच्या दुष्काळात वादीची आई पंचफुला, गोमती व वस्तीतील इतर स्त्रियांनी स्वतःच्या श्रमाने तयार केला."

प्रसेनजितनं फोन थांबवला. त्याच्यानं पुढं ऐकवेना. गोमती हे नाव रेशनकार्ड सोडून कुठल्याही कागदावर त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"मांगं घे," चंपाबाई म्हणाली. "पुन्हा एकदा घेऊ दे तिले नाव."

त्यानं मागं घेतलं. फोनातल्या बाईनं पुन्हा नाव घेतलं, पंचफुला, गोमती, स्पष्ट, न अडखळता. चंपाबाईनं डोळे पुसले, सूप उचललं आणि पाखडायला लागली. दोन-चार फटके झाले, मग ती फोनकडं बोट करून प्रसेनजितला म्हणाली,

"सांगून ठेव तुह्या मशीनले. बायकाईनं केला म्हना तो रस्ता. पुढच्या पोराले अनादी सांगशीन तर मी जित्ती हाय."